पत्र आलं तर फेकू नका: एनहेन्सच्या ट्रेलरमधली आमची सकाळ

ही तपासणी पैसे मोजून मिळत नाही. पत्र यावं लागतं. आम्हाला २०१८ मध्ये आलं आणि नवऱ्याने ते जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात टाकलं, ते मी उचकून काढलं. पत्र होतं अमेरिकेच्या नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हेचं, म्हणजे एनहेन्सचं: लोकांचं आरोग्य आणि आहार तपासणारी सरकारी पाहणी. वर्षाला देशभरातून साधारण ५,००० माणसं तपासतात. २०११ पासून तेव्हा आशियाई मुद्दाम जास्त घेत, नाहीतर त्या आकड्यांत आपण दिसलोच नसतो. आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव लिहीत नाही. त्यांच्या सार्वजनिक फायलींतही ते नसतं.

आधी एक बाई घरी आली. औषधं, विमा, उत्पन्न, आणि मग, "तुम्ही नागरिक आहात का?" आमचं ग्रीन कार्ड तेव्हा रांगेत. नवरा मराठीत पुटपुटला, "हे इमिग्रेशनला गेलं म्हणजे?" बाईला भाषा नाही, पण चेहरा कळला. तिने हातातल्या पत्रकावरचा एक परिच्छेद दाखवला: पब्लिक हेल्थ सर्व्हिस ॲक्ट, कलम ३०८(डी). ज्या कामासाठी माहिती घेतली त्याखेरीज दुसऱ्या कशालाही, आमच्या संमतीशिवाय, ती वापरायची नाही. मागणारं खातं सरकारी असलं तरी नाही. कर्मचाऱ्याने फोडली तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. ठाण्याच्या एका लॅबमध्ये काउंटरवरून "काका, तुमची शुगर तीनशे आलीय हो!" असं अख्ख्या बाकड्याला ऐकवलेलं मला आठवलं. नवऱ्यालाही आठवलं असणार, कारण ते काका त्याचेच वडील.

तपासणी एकमेकांना जोडलेल्या चार ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या मोठ्या खोल्यांत, होते. आत शिरलं की हॉस्पिटलच. अंगात घालायला त्यांचेच कपडे. रक्त, लघवी, हाडांचा स्कॅन, यकृताचा स्कॅन, दात. सगळ्यात वेळ गेला तो आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगण्यात. आदल्या दिवशी नेमकी एकादशी! समोर वाट्या, पेले, चमचे मांडलेले, आणि मी साबुदाण्याच्या खिचडीतलं दाण्याचं कूट चमच्यांत मोजून सांगतेय. त्या मुलीने वरईपर्यंत सगळं नीट लिहून घेतलं.

माझा सोळा वर्षांचा मुलगाही निवडला गेला होता. संमतीपत्रावर त्याच्याबरोबर माझीही सही लागली. पण दारू, नशा, शरीरसंबंध यांचे प्रश्न त्याने बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, स्क्रीनवर बोटाने उत्तरं देत सोडवले. मी दारापर्यंत गेले, तिथून गोड हसून परत पाठवलं. लैंगिक संसर्गाच्या चाचण्यांचे निकालही त्यालाच मिळणार होते: त्याने फोन करायचा आणि स्वतः ठरवलेला पासवर्ड सांगायचा. सही माझी, निकाल त्याचा! परतीच्या वाटेवर मी गाडीत धुसफुसत होते. इमिग्रेशनला सांगणार नाहीत हे ऐकून बरं वाटलं होतं, आईलाही सांगणार नाहीत हे काही पचेना.

नंतर पाहणीच्या आकड्यांच्या फायली प्रसिद्ध झाल्या. त्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. मी नोकरीत एसएएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरची प्रोग्रॅमर, त्यामुळे हात शिवशिवले. नाव नाही, गाव नाही; भारतीय, चिनी, फिलिपिनो सगळे एकाच 'आशियाई' खान्यात; ऐंशीच्या पुढचे सगळे सरसकट ८०. वजन-उंची लावून स्वतःला शोधलंही असतं, आणि मग मुलाला. पण कुणाची ओळख पटवायचा प्रयत्न करायचा नाही, हीच फाइल वापरायची अट. स्क्रीनवरची खिडकी बंद केली.

माझा सविस्तर अहवाल टपालाने आला, फुकट, वर येण्याजाण्याचे आणि वेळेचे पैसे. औषधोपचार मात्र ते करत नाहीत, त्यासाठी आपला डॉक्टर गाठायचा.

मुलाने तो फोन बाथरूममधून केला, नळ सोडून. मी भांडी घासत होते, जरा हळूच.