नॉब क्रीक की एलायजा क्रेग? 'बर्बन पूर्वीसारखी राहिली नाही' म्हणणाऱ्यांसाठी

२०१६ मध्ये केंटकीतल्या दोन ओळखीच्या बर्बनच्या (मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की) लेबलवरून वयाचा, म्हणजे पिंपात किती वर्षं मुरली त्याचा, आकडा गेला. एलायजा क्रेग स्मॉल बॅचवरचा १२ आणि नॉब क्रीकवरचा ९. कारण दोन्हीकडे सारखंच होतं. मागणी इतकी वाढली की तेवढा मुरलेला माल गोदामात पुरेनासा झाला. पुढे २०२० मध्ये नॉब क्रीकचा ९ बाटलीवर परत आला, एलायजा क्रेगचा १२ काही आला नाही. बर्बनचा दर्जा घसरलाय का, या वादात हवेत बोलण्यापेक्षा ही जोडी समोर ठेवलेली बरी. दोन्ही अमेरिकेत साधारण ३० ते ४० डॉलरच्या पट्ट्यात मिळतात (राज्यागणिक भाव बदलतो), दोन्ही शोधत फिरावं लागत नाही. घरात एकच ठेवायची तर कुठली, एवढंच ठरवायचं आहे.

मका किमान ५१ टक्के, पिंप नवं आणि आतून जाळलेलं, ही बाराखडी ठाऊक आहे असं धरतो. वयाचा नियम मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. 'स्ट्रेट' (किमान दोन वर्षं मुरलेली, रंग-चव न मिसळलेली) बर्बन चार वर्षांहून कमी मुरलेली असेल तर वय छापणं सक्तीचं. चार वर्षं भरली की सक्ती संपली. छापलंच तर ते बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असावं लागतं, सरासरी चालत नाही. म्हणजे आकडा नसलेल्या स्ट्रेट बर्बनची कायदेशीर हमी चार वर्षांची. त्यापुढचं सगळं कंपनीच्या शब्दावर.

आता जुन्या एलायजा क्रेगबद्दल थोडं, कारण 'ती १२ वाली काय होती राव' हा सूर हमखास लागतो. ती चांगली होती यात वाद नाही. पण ती कुठल्या काळाची होती तेही बघा. ही बाटली बाजारात आली १९८६ मध्ये, नॉब क्रीक १९९२ मध्ये. सत्तरच्या दशकात अमेरिकन ग्राहक व्होडकाकडे वळला, बर्बनची विक्री कोसळली आणि गोदामात पिंपं पडून राहिली. पडून राहिली म्हणजे मुरत राहिली. त्या काळात स्वस्त बाटलीतही लेबलवर लिहिलंय त्याहून जुना माल सर्रास जायचा, कारण तो ठेवून करायचं काय? आज लोक ज्या जुन्या बाटल्यांची आठवण काढतात त्यांतल्या कितीतरी त्या मंदीची देणगी आहेत. तुटवड्याच्या काळातल्या बाटलीशी त्यांची तुलना करून 'दर्जा घसरला' म्हणणं मला तरी पुरतं प्रामाणिक वाटत नाही.

दुसरी गोष्ट आगीची. ७ नोव्हेंबर १९९६ ला बार्ड्सटाउनमध्ये एलायजा क्रेग बनवणाऱ्या हेवन हिलची सात गोदामं आणि डिस्टिलरी जळाली, ९० हजारांहून जास्त पिंपं गेली. १९९९ मध्ये लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी विकत घेईपर्यंत हेवन हिलचा माल जिम बीम आणि ब्राउन-फॉरमन यांच्या भट्ट्यांवर निघत होता. हिशेब करा. २००९ ते २०११ च्या सुमाराला जी १२ वर्षांची एलायजा क्रेग लोकांनी मिटक्या मारत प्यायली, तिच्यातला बराचसा माल परक्या घरचा असणार. त्यात बीमचंही घर आलं, जिथे नॉब क्रीक बनते! 'जुनी ती अस्सल' म्हणताना कुठली जुनी, हे एकदा विचारलेलं बरं.

पिंपात भरताना ठेवायच्या तीव्रतेचा मुद्दाही नेहमी निघतो. १९६२ मध्ये ही कमाल मर्यादा ११० प्रूफवरून १२५ प्रूफवर, म्हणजे ५५ टक्क्यांवरून ६२.५ टक्क्यांवर नेली. जास्त तीव्रतेने भरलं की तेवढ्याच मालाला पिंपं कमी लागतात आणि बाटलीत भरताना पाणी जास्त घालता येतं. लाकडातला गोडवा पाण्यात जास्त उतरतो, त्यामुळे कमी तीव्रतेने भरलेली व्हिस्की गोलसर लागते असं जाणकार म्हणतात, आणि मला ते पटतं. पण आपल्या दोन्ही उमेदवारांकडे १२५ प्रूफनेच भरतात, त्यामुळे इथे गुण कुणालाच नाहीत. ज्याला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो त्याने मेकर्स मार्क (११० प्रूफ) किंवा मिक्टर्स (१०३ प्रूफ) बघावी.

चवीकडे येतो. हेवन हिलच्या धान्याच्या मिश्रणात ७८ टक्के मका, १० टक्के राय (गव्हासारखं एक धान्य), १२ टक्के बार्ली. बीमकडे राय थोडी जास्त, १३ टक्के. बीमची पिंपं चौथ्या पातळीपर्यंत जाळलेली, हेवन हिलची तिसऱ्या. कागदावर हे फरक किरकोळ दिसतात, पेल्यात नाही. एलायजा क्रेग ४७ टक्के अल्कोहोलची. आधी व्हॅनिला आणि कॅरमेल, मग सौम्य लाकूड, शेवटी जरा दालचिनी. घशाला सोपी. नॉब क्रीक ५० टक्के. नाकाला पहिल्यांदा भाजलेल्या शेंगदाण्याचा वास येतो आणि तो काहींना अजिबात सोसत नाही. बीमच्या घराण्याची ती खूणच आहे, त्याला इलाज नाही. मागून जड, कोरडं लाकूड येतं आणि जळजळही जास्त. पहिल्याच घोटात मन जिंकणारी बाटली हवी असेल तर एलायजा क्रेग पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण हा घोटाघोटातला फरक बराचसा तीन टक्क्यांचा आहे, आणि दुकानातल्या किंवा पार्टीतल्या तुलनेत तेच विसरलं जातं. दोन्ही एका पातळीवर आणून चाखा. ६० मिली नॉब क्रीकमध्ये ४ मिली पाणी घातलं की ती ४७ टक्क्यांच्या जवळ येते. पाणी अंदाजाने ओतू नका. केमिस्टकडे मिळणारी ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज या कामाला उत्तम. पाणी साधं, क्लोरीनचा वास नसलेलं. मिसळून दहा मिनिटं तसंच राहू द्या, लगेच चाखलं तर पाणी आणि दारू वेगवेगळी लागतात. दोन्ही पेले एकाच आकाराचे, आणि कुठल्यात काय आहे हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावं. बाटल्याही साधारण एकाच वेळी उघडलेल्या हव्यात. तळाला आलेली, हवा खाल्लेली बाटली ताज्या बाटलीसमोर ठेवली की ती बिचारी उगाच हरते. 'दर्जा घसरला' या तक्रारींतल्या काही निव्वळ इथून येतात असा माझा अंदाज आहे.

एवढं केलं की शेंगदाणा बराच मागे सरतो, नॉब क्रीकचं लाकूड पुढे येतं आणि दोघींतलं अंतर कमी होतं. माझ्या जिभेला तरी समान तीव्रतेवर नॉब क्रीक जास्त भरीव लागते. दुसऱ्याला उलट लागू शकेल, त्यात भांडण्यासारखं काही नाही. बर्फ घातलात किंवा ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल केलंत (६० मिली व्हिस्की, ५ मिली घट्ट साखरपाक, अँगोस्टुरा या कडू अर्काचे दोन शिंतोडे, एक मोठा बर्फ) तर ५० टक्क्यांची बाटली शेवटच्या घोटापर्यंत तग धरते. ४७ वालीही वाईट नाही, फक्त बर्फ वितळायच्या आत संपवावी लागते.

माझं पारडं फिरलं ते मात्र चवीमुळे नाही, त्या गेलेल्या आकड्यामुळे.

हेवन हिलने १२ काढताना सांगितलं होतं की यापुढे ८ ते १२ वर्षांच्या पिंपांचं मिश्रण असेल. त्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नाही, चवही साधारण तेच सांगते. पण ते विधान पत्रकात होतं, लेबलवर नाही. लेबल कायद्याने बांधलेलं असतं. पत्रकातली गोष्ट उद्या बदलली तर कुणाला कळवायची सक्ती नाही. खरी कटकट पुढेच आहे. आकडा नसलेली बाटली एखाद्या वर्षी पातळ लागली तर नेमकं काय झालं हे शोधायला ग्राहकाच्या हातात काहीच नसतं. जीभ बदलली? पेला धुतल्याचा साबण राहिला? की पिंपंच कोवळी होती? नॉब क्रीकची बाटली पातळ लागली तर निदान एक शक्यता बाद होते. नऊ वर्षांखालचा थेंब आत नाही. दर्जा चढला की घसरला हे बोलायला एक तरी खुंटी स्थिर लागते, आणि ती इथे आहे.

गंमत अशी की एलायजा क्रेगच्याच महागड्या भावंडाला हा आकडा मिळतो. एलायजा क्रेग बॅरल प्रूफवरूनही (पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेने भरलेली) २०२३ मध्ये १२ गेला, पण त्याऐवजी प्रत्येक बॅचवर वर्षं आणि महिने छापायला सुरुवात झाली. सी९२३ ही बॅच १३ वर्षं ७ महिन्यांची, तिच्या आधीची बी५२३ ही ११ वर्षं ५ महिन्यांची. हे मला १२ च्या ठोकळ्यापेक्षाही जास्त आवडलं. मग हीच पद्धत रोजच्या बाटलीला का नको, हा प्रश्न उरतोच. (आकड्यांच्या खेळाचा कळस मात्र व्हेरी ओल्ड बार्टन या बर्बनचा. तिथे '६' लेबलवर राहिला, 'वर्षे' हा शब्द तेवढा गेला. सहा काय, ते आपण समजून घ्यायचं.)

नॉब क्रीकचे हात अगदीच स्वच्छ आहेत असं नाही. २००९ मध्ये माल संपला तेव्हा कोवळी व्हिस्की भरण्यापेक्षा दुकानातल्या फळ्या रिकाम्या राहू दिल्या, त्याची जाहिरातही केली. आणि तरी २०१६ मध्ये आकडा काढलाच. उद्या पुन्हा टंचाई आली तर तो पुन्हा जाऊ शकतो. फरक एवढाच की गेला तर दिसेल.

तीव्रतेच्या बाबतीत दोघींनाही शाबासकी द्यायला हवी. दर्जा खाली आणायचा सगळ्यात सोपा मार्ग पाण्याचा. जॅक डॅनियल्सची नेहमीची बाटली १९८७ पर्यंत ४५ टक्के होती, मग ४३, आणि या शतकाच्या सुरुवातीला ४०. मेकर्स मार्कने फेब्रुवारी २०१३ मध्ये ४५ वरून ४२ वर येतो असं जाहीर केलं आणि ग्राहकांनी इतकं धारेवर धरलं की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्या दोघी मात्र ४७ आणि ५० वर ठाम आहेत. ७५० मिलीच्या ५० टक्के बाटलीत ३७५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, ४० टक्क्यांच्या बाटलीत ३००. किमती जुळवताना हे गणित आधी मांडा, मग दहा डॉलरच्या फरकाचा अर्थ लागतो. भारतात मिळणारी जॅक डॅनियल्स ४२.८ टक्के असते, म्हणजे अमेरिकेतल्यापेक्षा कडक. आपल्याकडच्या ७५ डिग्री प्रूफच्या जुन्या मोजमापाचा (हे ब्रिटिश प्रूफ, वर आलेल्या अमेरिकन प्रूफहून वेगळं) हा एकमेव फायदा असावा.

आकड्याचा हा हट्ट सगळीकडे नेऊ नये, हेही सांगून ठेवतो. कुंकळ्ळीच्या पॉल जॉनवर किंवा बंगळूरच्या अमृतच्या नेहमीच्या बाटल्यांवर वय नसतं, आणि तिथे ते मला खटकत नाही. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कितीतरी पट माल उडून जातो, व्हिस्की लवकर तयार होते आणि नऊ वर्षं ठेवली तर हाती फारसं काही उरत नाही. त्या आकड्याची केंटकीशी तुलनाच होत नाही. खुद्द केंटकीतही गोदामाच्या वरच्या मजल्यावरची नऊ वर्षं आणि तळमजल्यावरची नऊ वर्षं वेगळी. आकडा चवीची हमी देत नाही. किमान काय मिळतंय तेवढं सांगतो.

घाईने साठा करायचा विचार असेल तर थांबा. केंटकीच्या गोदामांत २०२५ च्या सुरुवातीला १ कोटी ६० लाखांहून जास्त पिंपं होती, हा उच्चांक. ब्राउन-फॉरमनने लुइव्हिलचा पिंपांचा कारखाना बंद केला, बीमने क्लेरमाँटच्या मुख्य डिस्टिलरीत २०२६ साठी उत्पादन थांबवायचं ठरवलं. माल जास्त, गिऱ्हाईक कमी. म्हणजे सत्तरच्या दशकासारखंच, पिंपं पुन्हा जास्त मुरणार. पुढच्या काही वर्षांत वयाचे आकडे वाढतील, भाव उतरतील असं वाटतं. निदान २०१६ सारखी चणचण दिसत नाही.

भारतात आणायची असेल तर सामानात दोन लिटरपर्यंत शुल्कमाफी आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. विमानतळावरच्या दुकानातून घेताना टक्के वाचूनच घ्या, तिथली खास आवृत्ती त्याच नावाची असूनही वेगळ्या तीव्रतेची असू शकते. दोनांतली एक मी नॉब क्रीक ९ सुचवेन. एलायजा क्रेगची गोडसर चवच जास्त भावत असेल तर तीच घ्या, वाईट सौदा नाही. पण त्याआधी तिच्याच घरची पांढऱ्या लेबलची एव्हन विल्यम्स बॉटल्ड-इन-बाँड चाखून बघा. धान्याचं मिश्रण तेच, ५० टक्के, आणि १८९७ च्या कायद्यानुसार एकाच डिस्टिलरीचा, एकाच हंगामाचा, किमान चार वर्षं मुरलेला माल. कोवळी आहे, लाकूड कमी आहे, पण किंमत बरीच कमी, आणि जे आहे ते लेबलवर लिहिलेलं.