ढोलकीला फायबरची पुडी: आषाढापासून वैशाखापर्यंतचा अनुभव

ढोलकीच्या धुमीच्या, म्हणजे डाव्या, खर्जाच्या तोंडाच्या, आतला मसाला (काळा लेप) सुटला, म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर फायबर पुडीचं, म्हणजे तोंडावर कातड्याऐवजी ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पानाचं, नुसतं कौतुकच लिहायचं मनात होतं. त्यातलं निम्मं कौतुक आजही खरं आहे.

आमचं परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातलं भजनी मंडळ. कीर्तनाला मृदंग असतो, पण एकादशीचं भजन, भारूड, गणपतीतला जागर हे सगळं ढोलकीवर चालतं. ढोलकी नटबोल्टची, खोड शिसमाचं. कातड्याची पुडी पावसाळ्यात कशी वागते ते वाजवणाऱ्याला सांगायला नको. पेटी काळी चारला, ढोलकी तिथंच मिळवून बसावं, तर तिसऱ्या अभंगापर्यंत ढोलकीचा सूर खाली आलेला. मग पाना काढा, आवळा, पुन्हा ठोका. असं आवळून आवळून गेल्या ज्येष्ठात शाईपुडी, म्हणजे मध्ये काळी शाई असलेली उजवी पुडी, काठाशी फाटली. नवी टाकायचीच होती, म्हणून दोन्ही तोंडांना फायबर बसवलं. कातड्याच्या दोन जोड्या आल्या असत्या एवढे पैसे गेले. मंडळाचे पैसे म्हणजे लोकांनी ताटात टाकलेले दहा-दहा रुपये, त्यामुळे टिकलीच पाहिजे हा हिशेब पहिल्या दिवसापासून डोक्यात होता.

पावसाळ्यात तिनं पैसे वसूल केले. आषाढी-श्रावणात पत्र्याच्या सभामंडपात झड आत येते, पण ढोलकी जिथं लावली तिथंच उभी. कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. हे पॉलिएस्टरचं पान जवळजवळ काहीच पीत नाही. पाश्चात्त्य ड्रमवाल्यांनी हे केव्हाच केलं. अमेरिकेत 1957 मध्ये रेमो बेली यांनी याच फिल्मच्या पानांची कंपनी काढली आणि बघता बघता ड्रमवरचं वासराचं कातडं मागं पडलं. त्यांचं नेहमीचं एकपदरी पान 10 मिलचं, म्हणजे पाव मिलिमीटर. जोरात वाजवणारे 7-7 मिलचं दुपदरी घेतात. आमच्या पुडीची जाडी कुठंच छापलेली नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "भारीतली आहे."

आता आवाज. शाईच्या बाजूला 'ना' कडक येतो, माईकशिवाय मंडपाच्या टोकाला ऐकू जातो. पण थाप मारून बोट उचललं की मागं एक टणत्कार रेंगाळतो. द्रुत लयीत तो पुढच्या बोलावर चढतो आणि 'तिरकिट' गढूळ होतं. विणेकरी बुवांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून टणटण करालीय ही?" मला कारण शाईत दिसतं. नुसत्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत येत नाहीत. शाईचं वजन मध्ये बसलं की ते पटीत येतात आणि म्हणून आपली वाद्यं सुरात बोलतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 1920 साली 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. कातड्यावर कारागीर शाईचा एकेक थर देतो, दगडानं घोटतो, तिला बारीक भेगा पडतात, म्हणून ती पुडीसोबत लवते. फायबरवर शाई वरून चिकटवलेली. गुळगुळीत पानाला ती धरणार किती? कार्तिकातच कडेनं टवके उडायला लागले.

तरी मी म्हणत होतो, चालतंय. माघातल्या पहाटे काकड्याला बोटं आखडतात, पण पुडी तशीच होती. तोवर कोणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

नाथषष्ठीला दिंडीत पैठणला ढोलकी नेली. फाल्गुनातलं ऊन, दिवसभर ढोलकी गळ्यात, दुपारी टेम्पोच्या पत्र्याखाली. मुक्कामाला भजन सुरू केलं तर धुमीतून घुमाराच येईना. तळहाताची कड दाबून सरकवली की कातड्यावर जो 'घें' वर चढत जातो, तो नाही. नुसती पत्र्यासारखी खडखड. घरी आल्यावर नट सोडून पुडी काढली. आतला काळा मसाला मधून सरकून एका कडेला गोळा झाला होता आणि त्याचा एक पापुद्रा खोडात पडलेला. बोट लावलं तर निघालेली जागा काचेसारखी स्वच्छ. कातड्यात तेलकट मसाला मुरतो, रोवला जातो. इथं तो फक्त टेकलेला होता, गरम झाला की सुटला.

धूम म्हणजे ढोलकीचा जीव. शाईपुडी थोडी टणकली तर भजन निभतं. धूम बोलली नाही तर भारूड बसतं. दुकानात पुडी परत नेली तर उत्तर मिळालं, "उन्हात ठेवली असंल." मराठवाड्यात ढोलकी उन्हात नाही न्यायची तर कुठं न्यायची? चैत्र-वैशाखात जत्रा असतात, पारा बेचाळीसला टेकतो, आणि वाद्यं तेव्हाच बाहेर पडतात. बदलून दिली नाही, मसाला भरूनही दिला नाही.

शेवटी गावाकडच्या कारागिराकडून धुमीला कातड्याची पुडी टाकून घेतली. शाईच्या बाजूला फायबर ठेवलं, कारण पैसे गुंतलेत आणि सूर तिथंच लावावा लागतो. ही जोडी आत्तापर्यंतची सगळ्यात बरी. धूम पावसात थोडी उतरली तरी चालते, तिला काटेकोर सूर नाही लागत. शाईपुडी मात्र पेटीला चिकटून राहते. टणत्कारासाठी कडेला आतून सुती कापडाची बारीक पट्टी लावली, त्यानं बराच दबला. पट्टी रुंद घेऊ नका, 'ना' मरतो.

तुम्हाला घ्यायचीच असेल तर धूम आणि शाई वेगवेगळी विकत घ्या, जोडी गळ्यात मारून घेऊ नका. धुमीची पुडी दुकानातच उलटी करून मसाल्याच्या कडेला नख लावून पाहा. कड उचलली तर तिथंच ठेवून या. बारमाही एकाच ठिकाणी वाजवणाऱ्याला, पंख्याखाली, कदाचित त्रास होणार नाही. दिंडीवाल्यानं धुमीला फायबर टाकूच नये.

आमचा कारागीर म्हणतो, पान आतून खरखरीत करून, मध्ये पातळ मांजरपाट डकवून मग मसाला भरला तर धरेल. जुनी फायबर धूम त्याच्याकडेच ठेवलीय. पुढच्या चैत्रात जत्रेला ती बांधून नेणार, आणि टेम्पोच्या पत्र्याखालीच ठेवणार.