महिना शून्य रुपये : फ्री डिश वापरल्यानंतर

खासगी डीटीएचचे मासिक शुल्क वाढत चालले होते आणि घेतलेल्या पॅकमधल्या निम्म्या वाहिन्या घरात कोणी लावतही नव्हते. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही ती जोडणी बंद केली आणि दूरदर्शनची फ्री डिश बसवून घेतली. मधल्या काळात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाल्यामुळे नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरातला हा अनुभव आता सविस्तर लिहायला हरकत नाही. माझे मत आधीच सांगतो. यंत्रणा म्हणून ही सेवा चांगली आहे, पण तिच्यावर दिसणाऱ्या वाहिन्या प्रेक्षकाचा विचार करून निवडलेल्या नाहीत, आणि याचे मूळ पैसा कोठून येतो यात आहे.

छत्री, सेट टॉप बॉक्स, वायर आणि बसवणावळ धरून खर्च दोन हजारांच्या आत आला. त्यानंतर रिचार्ज नाही. फ्री डिशच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, त्यामुळे नाशिकमध्ये छत्री आग्नेयेकडे रोखावी लागते. त्या दिशेला उंच इमारत किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी आड येत असेल, तर जागा आधी पाहून घ्यावी. मुसळधार पावसात चित्र फुटते आणि काही वेळ जातेही, पण ते खासगी डीटीएचवरही होत असे. बॉक्स घेताना मात्र तो एमपीईजी-४ या नव्या तंत्राचा आहे ना, हे विचारावे. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या लागत नाहीत आणि विक्रेता हे आपणहून सांगेलच असे नाही.

खरी निराशा रिमोट हातात घेतल्यावर सुरू होते. यादी खाली सरकवत गेले की हिंदी चित्रपट, भोजपुरी चित्रपट, भक्ती आणि हिंदी बातम्या यांचीच गर्दी दिसते. मराठी वाहिन्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात, आणि त्यांतली एखादी घरातल्यांच्या अंगवळणी पडते न पडते तोच नाहीशी होते. कारण फ्री डिशच्या यादीतल्या खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने दिल्या जातात. जी वाहिनी बोली लावते ती दिसते, जिला परवडत नाही ती जाते. उलटही घडते. मोठ्या प्रसारण कंपन्यांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये आपल्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या येथून स्वतःच काढून घेतल्या, कारण तेच कार्यक्रम फुकट मिळू लागले तर पैसे भरून पॅक घेणारा ग्राहक कमी होण्याची त्यांना धास्ती होती. मालिका अर्ध्यावर सुटलेल्या प्रेक्षकाला विचारणारे कोणी नव्हते. देशातील चार कोटींहून अधिक घरांत पोहोचलेल्या या सेवेत व्यवहार होतो तो जागा देणारा आणि जागा घेणारा या दोघांत. प्रेक्षक त्यात मोजला जातो, विचारात घेतला जात नाही.

एकेकाळी रेडिओ आणि टीव्हीचा परवाना काढून टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरावे लागे. ते ऐंशीच्या दशकात रद्द झाले आणि प्रेक्षकाचा थेट हिस्सा संपला. पुढे १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात येऊन दूरदर्शन आणि आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त संस्थेकडे गेल्या, तरी तिजोरीची दोरी केंद्र सरकारच्या हाती राहिली. आज कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी सरकारी अनुदान मिळते आणि दैनंदिन कामकाजाचा खर्च बराचसा जाहिराती व फ्री डिशच्या जागांचे भाडे अशा स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा लागतो. लिलावातून वर्षाला शेकडो कोटी रुपये येत असतील, तर ते देणाऱ्यांची सोय आधी पाहिली जाणार, हे उघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘बाइंड’ या प्रसारण सुविधा विकासाच्या योजनेत २,५३९.६१ कोटी रुपयांची तरतूद झाली. दुर्गम, आदिवासी व सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक सेट टॉप बॉक्स वाटण्याचाही त्यात समावेश होता. ते योग्यच आहे, परंतु त्या योजनेचा मोठा भाग यंत्रसामग्रीचा आहे. पेटी घरी आल्यावर तिच्यात पाहायचे काय, या प्रश्नाला तेवढा निधी मिळालेला दिसत नाही.

क्रिकेटप्रेमींसाठी मात्र ही छत्री वसूल आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी हक्कधारकाला प्रसार भारतीला द्यावे लागते आणि त्यावरच्या जाहिरात उत्पन्नातील २५ टक्के वाटा प्रसार भारतीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरते मर्यादित केले. म्हणून तो सामना आमच्याकडे फुकट दिसतो आणि केबल घेणाऱ्या शेजाऱ्यांना क्रीडा वाहिनीचे पैसे भरावे लागतात. सामन्याच्या दिवशी आमच्याकडे पाहुणे वाढतात ते यामुळेच.

माझ्या वडिलांची तक्रार मात्र नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या त्यांना हव्या असतात, कारण तेथे चार जण एकाच वेळी ओरडत नाहीत. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतीविषयक कार्यक्रम ते निफाडमधल्या आपल्या धाकट्या भावाला फोन करून सांगण्यासाठी लक्ष देऊन पाहतात. सह्याद्री वाहिनीचे हे बळ आजही कोणत्याही खासगी मराठी वाहिनीकडे नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई केंद्राचा जुना संग्रहही मोठा आहे, परंतु सार्वजनिक वाहिनीवर जुन्याचे पुनःप्रक्षेपण हा नव्या निर्मितीला स्वस्त पर्याय होऊ लागला, की संग्रहाचेही मोल कमी होते.

नाशिककर म्हणून माझी अपेक्षा आणखी वेगळी आहे. लासलगावला कांद्याचे लिलाव बंद पडले, दिंडोरीत गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदाकाठची दुकाने हलवावी लागली, तर या गोष्टी सविस्तर कळण्याची जागा सार्वजनिक दूरचित्रवाणीच असायला हवी. राज्यात दूरदर्शनची केंद्रे मुंबई, नागपूर आणि पुणे येथे आहेत. शहरात आकाशवाणीचे १०१.४ मेगाहर्ट्झवरचे केंद्र असल्यामुळे रेडिओवर नाशिकचा आवाज तरी ऐकू येतो. चित्रात मात्र नाशिक दिसते ते मुख्यतः सिंहस्थाच्या किंवा आंदोलनाच्या वेळी. आठवड्यातून अर्धा तास जिल्ह्याचा, एवढी मागणी फार मोठी नाही.

प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे ओटीटी अॅप आणले. तरुणांसाठी ते ठीक आहे, पण वडिलांच्या वयाचा माणूस मोबाइलवर मान वाकवून बातम्या पाहणार नाही, आणि इंटरनेटचे पैसे मोजल्यावर फुकट ही बाजूही उरत नाही. त्याऐवजी घरटी महिन्याला वीस-पंचवीस रुपये घ्यावेत आणि ती रक्कम केवळ प्रादेशिक भाषांतील नव्या निर्मितीवर खर्च व्हावी, असे मला वाटते. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांना अर्थातच सूट असावी. मी माझा वाटा आनंदाने देईन.

जोडणी आम्ही ठेवणार आहोत. नवीन घेणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी बसवून घ्यावी आणि जुने पॅक लगेच तोडू नये. खासगी वाहिन्यांच्या जागा साधारणपणे एप्रिलपासून नव्याने ठरतात, त्यामुळे मार्चमध्ये शेजाऱ्याकडे पाहिलेल्या यादीवर विसंबून निर्णय घेण्यापेक्षा एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडू द्यावा.