अँबॅसेडरचा गिअरबॉक्स : घरी उघडायचा की गॅरेजला द्यायचा?

दुसरा गिअर टाकताना खरखर होते म्हणजे बहुतेक वेळा सिंक्रोची, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हीकडचा वेग सारखा करणारी, रिंग झिजलेली असते. (पहिल्या गिअरची खरखर वेगळी, जुन्या अँबॅसेडरला तिथे सिंक्रोच नाही.)

गॅरेजची खरी ताकद म्हणजे प्रेस, भाग सरळ दाबून बसवणारं यंत्र. बेअरिंग सरळ बसतं, हातोड्याचे घाव लागत नाहीत. जड बॉक्स उतरवायला माणसंही असतात. पण आत काय बदललं, काय तसंच ठेवलं, हे झाकण लागल्यावर कळत नाही. मला एकदा जुनीच रिंग परत बसवून मिळाली होती, ते अजून सलतं.

घरी मात्र प्रत्येक दात नजरेखालून जातो. रिंग गिअरच्या निमुळत्या शंकूवर दाबून मधली फट फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा. फट जवळजवळ संपली असेल तर रिंग बाद. सिलेक्टरचे (गिअर निवडणारे) रॉड ओढताना वर कापड धरा, आतल्या स्प्रिंग आणि लोखंडी गोळ्या उडतात. खाली सोलापुरी चादर अंथरू नका, सुताचे तंतू बेअरिंगमध्ये जातात. स्वच्छ पत्राच बरा. लेशाफ्टचे (बॉक्समधल्या दुय्यम शाफ्टचे) नीडल रोलर, म्हणजे सुईसारखे बारीक रोलर, ग्रीसनं चिकटवून बसवायचे असतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे गेला की ग्रीस मऊ पडून ते निसटू शकतात. हे काम डिसेंबरातलंच.

माझा कौल घराला. फक्त बेअरिंग काढणं-बसवणं प्रेसवाल्याकडून, तेही समोर उभं राहून.