हप्त्यावरचा फोन, पाचव्या महिन्यात हिरवी रेघ : दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गुढीपाडव्याला हा फोन घेतला. आता दहा महिने उलटून गेलेत, या पाच तारखेला शेवटचा हप्ता पण कटला, म्हणून सगळं सावकाश लिहून काढतोय. कंपनीचं आणि दुकानाचं नाव टाकत नाही, कारण जे सांगायचंय ते कुठल्या पण कंपनीच्या फोनला लागू आहे. ज्यांनी हप्त्यावर फोन घेतलाय किंवा घ्यायचं चाललंय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आधी फोनबद्दल. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, लोखंडी पार्ट बनवायची दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. गिऱ्हाईक ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवतं, मी झूम करून मापं बघतो, जॉब म्हणजे पार्ट तयार झाला की व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून फोटो पाठवायचा, तिकडनं ओके आलं की माल गाडीत. त्यामुळं स्क्रीन आणि कॅमेरा या दोनच गोष्टी बघून फोन घेतला होता. कॅमेरा खरंच चांगला आहे, व्हर्नियरच्या बारीक रेघा ट्यूबलाइटमध्ये पण मोजता येतात. बॅटरी पहिले सहा महिने रात्री दहापर्यंत जायची, आता संध्याकाळी सातला चार्जर शोधावा लागतो. चार्जिंगला असताना बोललं की पाठ तापते, उन्हाळ्यात जास्तच. आवाज मोठा आहे, मशीन चालू असताना पण रिंग ऐकू येते. नेटवर्कची तक्रार नाही. स्क्रीन मात्र...

किंमत 27,999. दुकानात 3,999 भरले आणि 2,400 चे दहा हप्ते, ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणून. वर प्रोसेसिंग फी 799 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 943 रुपये असेच गेले, ते दुकानदारानं बिल होईपर्यंत सांगितलं नव्हतं. हप्त्याला नो कॉस्ट म्हणत असले तरी फी किती ते आधी विचारून घ्या.

बिल करताना दुकानातला पोरगा म्हणाला, “दादा, वर्कशॉपचा जीएसटी नंबर द्या की, क्रेडिट मिळेल तुम्हाला.” म्हणजे बिलातला जीएसटी वर्कशॉपला भरायच्या जीएसटीतनं वजा करता येतो. माझ्या पण मनात आलं होतं, मोबाईलवर 18 टक्के म्हणजे चार हजारांच्या वर रक्कम होते. पण हप्त्याचं कर्ज माझ्या स्वतःच्या नावावर होतं म्हणून बिल पण स्वतःच्याच नावानं केलं. त्या वेळी सहज केलं, पण पुढं ते किती कामाला आलं ते सांगतो खाली.

ऑगस्टचा महिना, पाऊस थांबायचं नाव घेईना. कोल्हापूरकरांना सांगायला नको त्या दिवसांत काय चालतं ते, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं हे दर तासाला बघायचं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आमच्या पोरांना पण पाठ आहेत. सासरवाडी नदीकाठच्या गावात, त्यामुळं रात्री साडेअकराला मी पाणीपातळीचा मेसेज उघडला आणि स्क्रीनच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत केसाएवढी हिरवी रेघ दिसली. आधी वाटलं मेसेजमधल्याच फोटोवर आहे. बंद करून चालू केला, तरी होतीच. फोन पडला नव्हता, कव्हर काढून कडा बघितल्या, एक ओरखडा नाही. त्याच दिवशी दुपारी सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं एवढंच आठवलं. सकाळपर्यंत दोन रेघा झाल्या, दुसरी गुलाबी.

दुकानात गेलो. मालक भला माणूस आहे, चहा पण पाजला, पण बोलणं एकच, “आमचं काम विकायचं, पुढचं सगळं कंपनी बघणार, सर्व्हिस सेंटरला जावा.” बिलाच्या खाली छापलेलं पण दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हे वाक्य बघून भरपूर माणसं तिथनंच माघारी फिरतात. मला आमच्या तालमीतल्या वकील मित्रानं नंतर समजावलं की माल सदोष निघाला तर त्या छापील ओळीमुळं तुमचा हक्क जात नाही. उलट सदोष माल विकून तो बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. बिल न देणं पण त्यातच येतं. तक्रार करताना दुकानदार, सर्व्हिस सेंटर आणि कंपनी तिघांच्या पण विरुद्ध करता येते.

सर्व्हिस सेंटरमध्ये टोकन घेऊन दीड तास बसलो. फोन द्यायच्या आधी सिम काढलं, डेटा घरच्या कॉम्प्युटरवर घेतला होता, यूपीआयची ॲपं उडवली. काउंटरवर एक ताई होत्या, त्यांच्यासमोरच मी सिमचा ट्रे काढून खोबणीत टॉर्च मारला आणि व्हिडिओ केला. बऱ्याच फोनमध्ये तिथं आत एक बारका पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. माझा पांढराशुभ्र होता, आणि मागं भिंतीवरचं घड्याळ पण व्हिडिओत आलं. ही युक्ती धाकट्या भावानं सांगितली होती, त्याचे उपकार.

तीन दिवसांनी फोन. “सर, तुमच्या हँडसेटला लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, डिस्प्लेचे 11,800 होतील, करायचं का?”

तसाच उठून गेलो. खरं सांगतो, पाय जड झाले होते, कारण चार हप्ते गेले होते, सहा राहिले होते, आणि वर आणखी पाच हप्त्यांएवढे पैसे मागत होते. वर्कशॉपमध्ये कुलंट, म्हणजे मशीनवर सोडायचं गार पाणी असतं हे मला माहीत आहे, म्हणून फोन मी मशीनपाशी नेतच नाही, केबिनमधल्या फळीवर असतो. हे मी त्या टेक्निशियनला सांगितलं तर तो म्हणाला पावसाळ्यात होतंय असं. म्हटलं, दादा, पावसाळ्यात हवा दमट असते ती अख्ख्या कोल्हापूरला, मग सगळ्यांच्या फोनला वॉरंटी नाही का? आवाज चढवला नाही. फक्त एवढं म्हटलं, ‘पाणी कुठं लागलंय त्याचा फोटो द्या, जॉब शीटवर (फोन जमा केल्याचा तुमचा कागद) कारण लिहा, सही-शिक्का करा, मी जातो.’

तिथं जरा शांतता झाली. तो आत गेला, वीसेक मिनिटांनी मॅनेजर बाहेर आले. लेखी द्यायला कुणी तयार होईना. तोंडी सगळे ठामपणे लिक्विड डॅमेज म्हणत होते, पण कागदावर लिहायचं म्हटल्यावर ‘आम्ही कंपनीला अप्रूव्हलसाठी पाठवतो, आठवडाभरात कळवतो’ असं झालं. मी तेच जॉब शीटवर लिहून घेतलं, तारखेसकट. आणि घरी येऊन कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला, बिल, जॉब शीटचा फोटो आणि तो व्हिडिओ जोडून. फोनवरच्या बोलण्याला पुरावा राहत नाही, म्हणून प्रत्येक कॉलनंतर दोन ओळींचा ईमेल टाकायचा, ‘आज तुमच्या माणसानं असं सांगितलं’ एवढंच.

आता हप्त्याचं. घरात सगळे म्हणायला लागले, फोन बंद आहे तर हप्ता कशाला भरतोस, बँकेत पैसेच ठेवू नको. मी पण त्या विचाराला आलो होतो. वकील मित्रानं अडवलं ते बरं झालं. फोन विकला दुकानदारानं, कर्ज दिलं फायनान्सवाल्यानं, दोन वेगळे करार आहेत. हप्ता चुकवला की बाउन्स चार्ज लागतो, बँकेचा वेगळा, फायनान्सचा वेगळा, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो ते निराळंच. मला पुढच्या वर्षी मशीनसाठी कर्ज काढायचंय, 2,400 रुपयांच्या रागात ते घालवणं परवडलं नसतं. त्यामुळं फोन नसताना पण सप्टेंबरचा हप्ता भरला, पोटात कालवत होतं तरी भरला.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये आहे, तिकडं फोन कॉन्ट्रॅक्टवर घेतात, म्हणजे सिम आणि हँडसेटचं मिळून दोन वर्षं महिन्याला बिल. त्याच्या फोनचा माईक चौथ्या महिन्यात गेला होता. तिथं 2015 चा कायदा आहे, पहिल्या 30 दिवसांत दोष निघाला तर फोन परत करून पैसे मागता येतात, आणि सहा महिन्यांच्या आत निघाला तर तो दोष मुळापासूनच होता असं धरतात, नव्हता हे विकणाऱ्यानं सिद्ध करायचं. दुरुस्तीला किंवा बदलून द्यायला एक संधी, तेवढ्यानं जमलं नाही तर किंमत कमी करून घ्या किंवा फोन परत करा. आणि जबाबदारी ज्यानं विकला त्याची, कंपनीकडं जा म्हणून तो हात झटकू शकत नाही. तो पण म्हणाला की भांडण चालू असताना महिन्याचं बिल थांबवू नको, तिकडं पण त्यानं क्रेडिट खराब होतं. आपल्याकडं असा सहा महिन्यांचा नियम नाही, तपासल्याशिवाय दोष कळत नसेल तर ग्राहक आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, त्याची फी आधी आपल्याला भरावी लागते. म्हणूनच पहिल्या दिवसाचा व्हिडिओ लाखमोलाचा.

नऊ दिवस काहीच कळवलं नाही. मग 1915 ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नंबर मेसेजवर आला, कागद पोर्टलवर चढवले. हेल्पलाइन कंपनीवर सक्ती करू शकत नाही, ती तक्रार पुढं कळवते आणि उत्तर मागते. पण पाचव्या दिवशी मला कंपनीच्या वरच्या ऑफिसातनं कॉल आला. पहिला प्रश्न काय माहिती आहे का, “फोन बिझनेससाठी वापरता का?”

मित्रानं हे आधीच सांगून ठेवलं होतं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागू होत नाही, आणि वर्कशॉपच्या नावानं जीएसटी बिल असतं तर त्यांनी हाच मुद्दा धरला असता. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, पण ते पटवत बसायला लागलं असतं. मी म्हटलं, बिल माझ्या नावावर आहे, घरचा फोन आहे, कामाचं पण बोलतो, सगळेच बोलतात. आणि शेवटी सांगितलं की आठ दिवसांत झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. धमकी म्हणून नव्हे, खरंच तयारी केली होती. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, म्हणजे कंपनीचं ऑफिस कुठं का असेना, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि आता ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाइन पण होतं. अर्जाचा कच्चा मसुदा वहीत लिहून ठेवला होता.

दहाव्या दिवशी डिस्प्ले बदलून मिळाला, एक रुपया न देता. लिक्विड डॅमेजचं काय झालं ते कुणी बोललं नाही, मी विचारलं तर टेक्निशियन खाली बघून म्हणाला, “वरनं अप्रूव्हल आलंय सर.” त्या पोराचा राग नाही माझ्या मनात, त्याला वरनं जे सांगतात ते तो बोलतो. पण ज्या माणसाला हे माहीत नाही, ज्याचं रोजचं दुकान फोनवर चालतं, तो त्या काउंटरवर मुकाट्यानं 11,800 भरून जातो, याचा मला आजही संताप येतो. माझ्यासमोर एका म्हाताऱ्या मामांनी भरले होते. त्यांना त्या दिवशी मी काही बोललो नाही, मलाच तेव्हा धड माहीत नव्हतं.

फोन हातात घेताना तिथंच पूर्ण पांढरा फोटो उघडून स्क्रीन बघितली, *#06# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) बिलाशी जुळवला, आणि जॉब शीटवर ‘डिस्प्ले बदलला, वॉरंटीत’ असं लिहून घेतलं. महिनाभर जवळपास फोन नव्हता, भावाच्या जुन्या फोनवर काम ढकललं, दोन ड्रॉइंगमध्ये मापं चुकीची वाचली, एक जॉब स्क्रॅप झाला. त्याची भरपाई मागायचं मनात होतं, पण सोडून दिलं.

नवीन डिस्प्लेला पाच महिने झाले, रेघ परत आली नाही. रंग पहिल्यापेक्षा जरा पिवळट वाटतो, सवय झाली. वॉरंटी मार्चअखेर संपतेय. फायनान्सवाल्याकडनं कर्ज संपल्याचं पत्र मागितलंय, ते आपण होऊन पाठवत नाहीत, मागावं लागतं, आणि महिन्याभरानं सिबिलवर कर्ज बंद दाखवतंय का ते पण बघणार. बिल, तीन जॉब शीट आणि ईमेलच्या प्रिंट केबिनमध्ये ड्रॉइंगच्या फायलीत लावून ठेवल्यात. हाच फोन परत घेशील का म्हणाल तर कॅमेऱ्यासाठी घेईन, पण रोख पैसे साठवून.