यादवीतल्या पूर्वजाची पलटण: ऑनलाइन यादी की पेन्शनची फाइल?

मैत्रिणीच्या अमेरिकन सासऱ्यांचे खापरपणजोबा तिथल्या यादवी युद्धात (१८६१–६५) पायदळात होते. पलटण कोणती हे शोधायला नॅशनल पार्क सर्व्हिसची (तिथली राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं सांभाळणारं सरकारी खातं) सैनिकांची ऑनलाइन यादी बघावी की नॅशनल आर्काइव्ह्जमधून (तिथला राष्ट्रीय दफ्तरखाना) पेन्शनची फाइल मागवावी, असं ती विचारत होती.

यादी फुकट, उत्तर लगेच. नाव, बाजू (उत्तर की दक्षिण), रेजिमेंट म्हणजे पलटण, कंपनी म्हणजे तिची तुकडी, हुद्दा मिळतो. गाव, वय, आईबाप काही नाही. जॉन स्मिथ असेल तर पानंच्या पानं भरतात.

फाइलला साधारण ८० डॉलर पडतात आणि वाटही बघावी लागते. पण खरा माणूस भेटतो तो इथेच. विधवेला पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा, मुलांच्या जन्मतारखा, सोबतच्या शिपायांच्या साक्षी असं सगळं जोडावं लागे. कधी घरच्या बायबलमधून फाडलेलं जन्मनोंदींचं पानही त्यात निघतं! मात्र ही फाइल उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने लढलेल्या सैनिकांचीच. दक्षिणेच्या सैनिकांना पेन्शन त्या त्या राज्यांनी दिली, म्हणून ती राज्याच्या दफ्तरखान्यात शोधायची.

नाव दुर्मीळ, राज्य माहीत आणि फक्त पलटण हवी असेल तर यादी पुरे. नाव सर्रास आढळणारं असेल, पण बायकोचं नाव ठाऊक असेल, तर पैसे फाइलवरच घालावेत.