सोया मेणाचं बाटिक: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी सुती कापडावर बाटिक, म्हणजे मेणाने नक्षी झाकून बाकीचं कापड रंगवण्याचं काम करायचं असेल, तर पॅराफिन (नेहमीचं खनिज तेलापासूनचं मेण) सोडून सोया मेण घ्या, असं मी आता खात्रीने सांगेन. एक अट आहे: रंग कोणता वापरायचा आणि किती वेळात काम आटपायचं, हे या मेणाकडून ठरतं.

उज्जैनजवळच्या भैरवगढला किंवा कच्छात मुंद्र्याला बाटिकचं कापड उकळत्या पाण्यात घालून मेण काढतात आणि वर तरंगलेलं मेण पुन्हा वापरतात. कारखान्यात हे जमतं. फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात दोन-अडीच मीटर कापड उकळत ठेवणं नकोसं होतं, आणि तेवढं करूनही पॅराफिनचा चिवटपणा कापडात राहतोच. सोया मेण हे हायड्रोजनीकरण केलेलं सोयाबीनचं तेल. ते गरम पाणी आणि साबण यांनी सुटतं. पण ज्या गुणामुळे ते सुटतं, त्याच गुणामुळे ते अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या क्षारात, टिकत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात जास्त वेळ राहिलं तर त्याचा साबण होऊ लागतो, रेघांच्या कडा झिरपतात आणि पांढरी जागा मळकट दिसते. म्हणून निळीच्या (इंडिगोच्या) क्षारयुक्त हौदात वारंवार बुडवायचं काम किंवा कॉस्टिक सोडा लागणारे नॅप्थॉल रंग यांच्यासाठी हे मेण घेऊ नका.

मेण घेताना प्रकार बघा. ग्लासात ओतायच्या मेणबत्त्यांचं सोया मेण साधारण ४६ ते ५० अंशांना वितळतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ते कापडावर मऊ पडतं, घडी घातली की दुसऱ्या बाजूला चिकटतं. उभ्या मेणबत्तीसाठीचं कडक सोया मेण उन्हाळ्यात बरं. सुगंध किंवा रंग मिसळलेलं नको. पॅराफिन मिसळलेलं तर मुळीच नको, कारण मग ते साबणाने सुटत नाही.

कोऱ्या कापडातली खळ काढणं टाळू नका. गरम पाणी, थोडा सोडा आणि साबण यांत चांगलं धुवा. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून कापड १५ मिनिटं भिजवा, पिळा आणि न खळबळता सावलीत वाळवा. हातमोजे घाला. या कापडाला इस्त्री करू नका, सोड्यामुळे ते पिवळं पडतं. पुढे वापरायचा रंग धाग्यात पक्का बसायला सोडा लागतोच; तो असा आधीच कापडात गेला की मेण लावलेलं कापड सोड्याच्या पाण्यात बुडवावंच लागत नाही. माझ्या मते सगळ्या पद्धतीतलं हे सर्वांत महत्त्वाचं पाऊल आहे. मात्र मेण लावलेलं सोड्याचं कापड आठवडाभर पडून राहू देऊ नका. एक-दोन दिवसांत रंगवून मोकळं व्हा.

मेण वितळवायला उकळत्या पाण्यात ठेवलेलं भांडं पुरतं. ८० ते ९० अंश तापमान योग्य. बरोबर लागलेली रेघ तेल लागलेल्या कागदासारखी आरपार पारदर्शक दिसते, उलट्या बाजूनेही. रेघ पांढरी, वरवर थिजलेली दिसली तर मेण थंड आहे किंवा कापड दमट आहे, आणि तिथे रंग खालून शिरणारच. पावसाळ्यात हा त्रास सर्वांत जास्त, कारण सोडा मुरलेलं कापड हवेतली ओल ओढतं. मेण लावण्याआधी पंख्याखाली नीट सुकवा. लाकडी ठसा मेणात मिनिटभर धरून तापवा, नाहीतर पहिले दोन-तीन छाप अर्धवट उठतात. जाड खादीला उलट्या बाजूनेही मेण द्यावं लागतं. थेट शेगडीवर मेण ठेवू नका. शेवटी ते तेलच, करपलं की डोळे झोंबवणारा धूर निघतो.

रंग थंड पाण्यात बसणारे रिअॅक्टिव्ह, म्हणजे बाजारात एम ब्रँड म्हणून मिळणारे. ते घट्ट करून ब्रशने लावा. पाव लिटर पाण्याला युरिया २५ ग्रॅम, सोडियम अल्जिनेट (रंग घट्ट करणारी पूड) ६ ते ८ ग्रॅम आणि मध्यम छटेसाठी रंग ५ ग्रॅम. अल्जिनेट आदल्या रात्री भिजवा, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. पातळ रंग मेणाच्या कडेखालून पसरतो, घट्ट रंग जागेवर थांबतो. रंगवल्यावर प्लास्टिकखाली झाकून ओलसर ठेवा. २५ अंशांच्या वर रात्रभर पुरतं, पुण्या-नाशिकच्या थंडीत पूर्ण २४ तास द्या. ऊब मिळावी म्हणून उन्हात ठेवलंत तर मेणच वितळेल. दुसरा थर द्यायचा असेल तर पहिला रंग पूर्ण वाळू द्या, मग त्यावर मेण.

धुताना क्रम चुकवू नका. आधी गार पाण्यात सोडा आणि सुटा रंग निघून जाईपर्यंत खळबळा. थेट गरम पाण्यात टाकलं तर मेणाखालच्या पांढऱ्या जागा सुट्या रंगाने डागाळतात. नंतर ७० अंशांच्या आसपासचं पाणी आणि द्रव डिटर्जंट, पाचेक मिनिटं चिमट्याने हलवत. दोनदा करा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब गोल बसला तर मेण शिल्लक आहे, लगेच जिरला तर साफ. इस्त्री करून रद्दीत मेण टिपण्याची इथे गरज नाही, उलट त्याने मेण आजूबाजूच्या धाग्यांत पसरतं. धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, पाईपमध्ये मेण थिजतं. बादलीत गार होऊ द्या, वर आलेला थर गाळून कचऱ्यात टाका. साबणात मिसळलेलं हे मेण पुन्हा वापरता येत नाही, आणि पॅराफिनपेक्षा ते महागही आहे, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांना हा खर्च जाणवेल.

रेशमावर अ‍ॅसिड रंग (आम्लाच्या मदतीने बसणारे) वाफेने बसवायचे असतील तर हे मेण निरुपयोगी, वाफेत ते वाहून जातं. बाटिकचे ते नामी बारीक तडे हवे असतील तरी पॅराफिनच घ्या. मऊ सोया मेण चुरगळलं तरी वाकतं, कडक प्रकार फ्रीजमध्ये ठेवून चुरगळला तर थोडे तडे येतात, पण पॅराफिनइतके रेखीव नाहीत.